मदत हवी आहे: सिटीज स्कायलाइन्स २ दसऱ्याला येतोय, माझा पीसी झेपवेल का?

नमस्कार मंडळी. मी बेळगावचा, घर टिळकवाडीत. सिटीज स्कायलाइन्स २, म्हणजे कॉम्प्युटरवर शहर बांधायचा गेम, येत्या २४ ऑक्टोबर २०२३ ला येतोय म्हणजे ऐन दसऱ्याला, आणि मार्चमध्ये घोषणा झाल्यापासून मी नुसता दिवस मोजायलोय. पण पीसीचं काय करायचं ते कळेना झालंय, म्हणून हा धागा.

आधी पीसी सांगतो. प्रोसेसर आय५ ९४००एफ, ८ जीबी रॅम, ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १०५० टीआय ४ जीबी, साधी हार्ड डिस्क, एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) ४५० वॅटचा. पहिला भाग यावर रडतखडत चालतो. दुसऱ्यासाठी मिनिमम, म्हणजे कमीत कमी, जीटीएक्स ७८० कार्ड सांगितलं होतं तेव्हा वाटलं कसंतरी जमेल, पण सप्टेंबरच्या शेवटी कंपनीनं ते वाढवून मिनिमम जीटीएक्स ९७० आणि रेकमेंडेड आरटीएक्स ३०८० केलं. ३०८० घ्यायची आपली ऐपत नाही. बजेट सगळं मिळून २५ हजार, त्याच्या वर एक रुपया जाणार नाही.

आता एवढी घाई का ते पण सांगतो, नाहीतर सगळे म्हणणार थांब वर्षभर. २०१७ पासून मी पहिल्या भागात बेळगाव बांधायलोय. किल्ला आणि त्याचा खंदक, कॅम्प, खडेबाजार, गणपत गल्ली, शहापूर, वडगाव, काँग्रेस रोड आणि त्याला लागून रेल्वे लाईन, सगळं. बाबा उद्यमबागेत ३० वर्षं लेथवर होते, आता रिटायर झालेत, रात्री जेवण झालं की खुर्ची ओढून शेजारी येऊन बसतात. पहिल्यांदा नुसते बघायचे. मग एक दिवस म्हणाले, अरे दुसऱ्या रेल्वे गेटजवळ रस्ता असा सरळ नाही, थोडा वळतो बघ. तेव्हापासून रोज चुका काढतात आणि मी दुरुस्त करतो. आमच्या दोघांचं एवढं बोलणं दुसऱ्या कुठल्याच विषयावर झालं नाही कधी.

पण पहिल्या भागात बेळगाव मावत नाही हो. मॉड (खेळणाऱ्यांनी केलेली जोडणी) नसेल तर ९ टाइल, म्हणजे नकाशाचे चौकोन, ३ बाय ३ घेतल्या तरी एक बाजू जेमतेम पावणेसहा किलोमीटर, त्यात सांबऱ्याचं विमानतळ कुठून घेणार? मॉड टाकून वाढवलं तर पीसी बसतो. आणि ट्रॅफिक! गेट पडलं की गाड्या सगळ्या एकाच लेनमध्ये एकामागे एक उभ्या, बाजूची लेन मोकळी असली तरी तिकडं कुणी जात नाही, आणि फार वेळ अडकल्या की गाड्या चक्क गायब होतात. बाबा म्हणाले, गेटवर थांबलेला माणूस गायब होत नाही, तो शिव्या घालत तिथंच उभा असतो. बरोबर आहे त्यांचं.

दुसऱ्या भागात ४४१ टाइल आहेत, १५९ चौरस किलोमीटर. गाड्या लेन बदलतात, पुढं जाम दिसला की दुसरा रस्ता धरतात, अपघात पण होतात. पार्किंगला खरी जागा लागते, पहिल्यात माणूस गाडीतून उतरला की गाडी खिशात घालून चालायला लागायचा. आणि माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे मिक्स झोनिंग, खाली दुकान वर घर. आमची रामदेव गल्ली, गणपत गल्ली दुसरं काय आहे सांगा? आजवर तिथं एकतर नुसती दुकानं नाहीतर नुसती घरं टाकावी लागायची, बघून जीव हळहळायचा.

तर विचारायचं एवढंच की २५ हजारात आधी काय बदलू? दुकानदार म्हणतोय सगळाच नवीन घ्या. आणि दुसरं, जुनं शहर नवीन गेममध्ये उघडता येतं का? सहा वर्षांचं काम आहे, म्हणून विचारायलोय.

निपाणीकर: भावा, दुकानदाराचं ऐकू नकोस. प्रोसेसर तुझा चालतोय, मिनिममला आय७ ६७००के दिलाय त्याच्या आसपासच आहे. शहर मोठं झालं की सिम्युलेशनला तो कमी पडणार, पण ते पुढचं पुढं. आधी रॅम १६ जीबी कर, ८ वर खेळायचं नावच काढू नको, आणि एक एसएसडी (वेगवान डिस्क) घाल, ६० जीबी जागा लागतेय गेमला. एवढ्यानं तुझा पहिला भाग पण सुधारेल, म्हणजे पैसे वाया जाणार नाहीत. राहिलेल्यात कार्ड बघायचं. १०५० टीआय हे ९७० पेक्षा कमी ताकदीचं आहे, म्हणजे मिनिममच्या पण खाली. मी आरएक्स ६६०० बघितलं असतं, ८ जीबीचं आहे आणि एएमडी स्वतः त्याला ४५० वॅट सांगते. आरटीएक्स ३०६० ला ५५० सांगतात, ते घेतलंस तर एसएमपीएसचा खर्च वेगळा. पण कार्ड आत्ता घेऊ नको. कंपनीनंच कबूल केलंय की परफॉर्मन्स ठरवला होता तिथपर्यंत पोचला नाही. दसरा होऊ दे, लोक खेळू देत, तुझ्यासारख्या कार्डवर काय होतंय ते बघ मग घे. पहिल्या दिवसापासून पीसी गेम पासवर (महिन्याचे पैसे भरून गेम खेळायची मायक्रोसॉफ्टची सोय) पण आहे, एक महिना भरून आहे त्या कार्डवर लो सेटिंगला लावून बघ, नाही चाललं तर महिन्याचेच पैसे गेले.

खानापूरची: जुनं शहर नाही उघडत दादा. पहिल्या भागाचे सेव्ह दुसऱ्यात चालत नाहीत, मॉड आणि असेट (बाहेरून घातलेल्या इमारती वगैरे) पण नाहीत. मॉड तर यावेळी पहिल्यासारखे स्टीम वर्कशॉपवर नाहीत, गेमच्या कंपनीच्या पॅराडॉक्स मॉड्सवर येणार. वाईट वाटलं लिहिताना. माझं पण खानापूर आहे त्यात, मलप्रभा नदीसकट. एक करा, शहर वरून दिसेल असे प्रत्येक भागाचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, आणि बाबांनी ज्या दुरुस्त्या सांगितल्या त्या वहीत लिहा. त्या कुठल्याच नकाशात मिळायच्या नाहीत. अजून एक, इमारती युरोपियन आणि नॉर्थ अमेरिकन अशा दोनच थीमच्या आहेत, कौलारू घरं सुरुवातीला नसणार, तेवढी मनाची तयारी ठेवा. डाव्या बाजूचं ट्रॅफिक मात्र नकाशा सुरू करतानाच निवडायचं, मी एकदा पहिल्या भागात विसरले होते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागलं.

धागाकर्ता: दोघांचे मनापासून आभार. ताईंचं वाचून थोडा वेळ गप्पच बसलो. मग बाबांना सांगितलं की हे शहर तिकडं जात नाही, नवीन बांधावं लागणार. ते म्हणाले बरं झालं, शहापूरचा कोपरा मला आधीपासून चुकीचाच वाटायला होता. वही त्यांनीच काढली, कालपासून लिहायलेत. बळ्ळारी नाला कुठून कुठं जातो, पावसाळ्यात कुठल्या शेतात पाणी शिरतं, इथपर्यंत आलेत.

रॅम आणि एसएसडी परवा घेतो, खंडेनवमीला पीसीची पूजा असतेच, त्याच्या आधी बसवून होईल. कार्ड दसऱ्यानंतर. तेवढं एक सांगा, इथं कुणाकडं ४५० वॅटच्या जुन्या एसएमपीएसवर आरएक्स ६६०० चालायलंय का? माझा पाच वर्षांचा आहे, आणि आमच्याकडं लाईट जायची यायची चालूच असते, त्यामुळं त्याच्यावर किती भरवसा ठेवायचा ते कळेना. कुणी प्रत्यक्ष वापरत असेल त्यानंच सांगा.