प्रतिसाद: बी.कॉम. पुरतं, पण ताळेबंद वाचता यायला हवा

क्रेडिट अ‍ॅनालिस्ट, म्हणजे बँकेत कर्जाचे अर्ज तपासणारा, व्हायला सीएच लागतं का, असं वर विचारलंय. सुरुवातीला बी.कॉम. चालतं. सराव मात्र खऱ्या आकड्यांवर करा. समजा, सांगलीतला हळद-बेदाण्याचा व्यापारी कॅश क्रेडिट, म्हणजे मालाच्या तारणावर लागेल तसं उचलता येणारं कर्ज, मागतोय. स्टॉक ८० लाखांचा, त्यातला २० लाखांचा माल उधारीवर आणलेला. तो आधी वजा करायचा, मग उरलेल्या ६० वर २५ टक्के मार्जिन, म्हणजे व्यापाऱ्याचा स्वतःचा वाटा, कापायचा. गिऱ्हाइकांकडून येणं धरलं नाही तर ड्रॉइंग पॉवर, म्हणजे त्याला उचलता येणारी रक्कम, ४५ लाख. नवखे थेट ८० वर मार्जिन लावतात आणि १५ लाख जास्त देऊन बसतात!

कोल्ड स्टोरेजची पावती जरूर मागा. तोच बेदाणा दुसरीकडे तारण असू शकतो. जीएसटीआर-३बी या जीएसटी विवरणपत्रातली विक्री आणि खात्यातली जमा महिनावार ताडून पाहा. फरक दिसला तर आधी रोखीची विक्री आणि दुसरं खातं विचारा.