पोर बरं होतं, घर तसंच राहतं: पैसे द्यायचे की जेवण?

अंगणवाडीताई, भांडेवाडी, नागपूर
डंपिंग यार्डामागच्या एका लेकराच्या दंडाला घेर मोजायची पट्टी लावली. लाल, म्हणजे तीव्र कुपोषण! साडेअकरा सेंटिमीटरच्याही खाली. मागच्या वर्षी त्याला दवाखान्यात ठेवून वजन वाढवलं होतं. मग घरी गेलं, त्याच झोपडीत. त्याच्या बहिणीचंही असंच झालं होतं. आठ वर्षांची ती पोर त्याला कडेवर घेऊन येते आणि आपली खिचडी डब्यात भरून नेते. एका वर्षाची तंगी आणि जन्मापासूनची उपासमार सरकार एकाच मापाने मोजतं. अशा घरांना मुलागणिक दर महिन्याला पैसे द्या, मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत.

निवृत्त मुख्याध्यापक, महाल
ताई, तळमळ पटते, उपाय पटत नाही. हातात पैसे आले की आधी उधारी फिटते. लाडक्या बहिणीचे 1,500 रुपये 2024 पासून मिळतात, त्यातले पोराच्या ताटात किती पडले? तामिळनाडूने 2022 पासून सरकारी शाळेत पहिली ते पाचवीला सकाळचा नाश्ता सुरू केला. आपल्याकडे दुपारची खिचडी मिळेपर्यंत पोरं पोट धरून बसतात, हे मी वर्गात पाहिलंय. ते आधी करा. अंगणवाडी दिवसभर उघडी ठेवा.

वीटभट्टीवर शिकवणारा, कामठी रोड
सर, दिवाळी झाली की माझी पोरं आईबापासोबत भट्टीवर येतात. पटावरचं नाव गावातच राहतं. तो नाश्ता खाणार कोण?

अंगणवाडीताई
नाश्ता हवाच, सर. पण तीन वर्षांखालच्यांना आम्ही शिधा घरी देतो, तो घरातल्या सगळ्या तोंडांत वाटला जातो. आणि उधारी म्हणता, तर या लेकराच्या आईवरची उधारी त्याच्याच औषधांची आहे. बालसंगोपन योजनेत महिन्याला 2,250 रुपये मिळतात, पण त्यासाठी अनाथ असावं लागतं, नाहीतर एक पालक गेलेला, नाहीतर आईबाप गंभीर आजारी, किंवा असंच काही संकट. नुसतं उपाशी असून भागत नाही.

निवृत्त मुख्याध्यापक
बरं, पैसे आईच्या खात्यात द्या. पण दर महिन्याला वजन घ्या. वाढलं नाही तर हप्ता थांबवा. कुठेतरी धरबंध हवा.

अंगणवाडीताई
वजन मी घेईनच. पण हप्ता थांबवायचा नाही. ज्याचं वजन वाढत नाही, त्यालाच तर पैशांची जास्त गरज असते.