टॅटू पुसून टाकताना लेसर नेमकं काय करतो?

वर एका प्रतिसादात लिहिलंय की लेसर शाई जाळून टाकतो, म्हणजे लेसर जितका ताकदवान तितकं काम लवकर. हे मला पटत नाही. पल्स, म्हणजे लेसरच्या प्रकाशाचा एक झटका, किती वेळ टिकते यावर बरंच अवलंबून असतं.

प्रकाश शोषून तापलेला शाईचा कण लगेच आजूबाजूला उष्णता सोडू लागतो. ती पसरायच्या आत पल्स संपली, तर कण तापतो आणि शेजारची त्वचा बरीचशी वाचते. अँडरसन आणि पॅरिश या संशोधकांनी १९८३ मध्ये हे तत्त्व मांडलं. थंड व्हायचा हा वेळ साधारण आकाराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: आकार दहापट, तर वेळ शंभरपट! म्हणून लाल जन्मखुणेतल्या रक्तवाहिन्यांना मिलिसेकंदाच्या (सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या) आसपासची पल्स चालते, शाईच्या सूक्ष्म कणांना मात्र नॅनोसेकंद (सेकंदाचा अब्जावा भाग) किंवा त्याहून हजारपट लहान अशा पिकोसेकंदाचीच लागते. इतक्या झटक्यात तापलेला कण फुटतो. त्याचे तुकडे पुढे शरीरातल्या भक्षक (बाहेरचे कण गिळणाऱ्या) पेशी हळूहळू उचलून नेतात, म्हणूनच दोन सिटिंगमध्ये काही आठवडे जाऊ द्यावे लागतात.

आपल्या सावळ्या त्वचेसाठी तरंगलांबीही तितकीच महत्त्वाची. ५३२ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश त्वचेतलं रंगद्रव्य मेलॅनिन भरपूर शोषतं, १०६४ चा अवरक्त बराच कमी. त्यामुळे काळ्या शाईला १०६४ चा एनडी-याग लेसर तुलनेने सुरक्षित. चुकीच्या निवडीने कायमचे डाग राहू शकतात. कृपया पार्लरमध्ये हे करून घेऊ नका. त्वचारोगतज्ज्ञांकडे जा आणि यंत्राची तरंगलांबी व पल्सचा कालावधी आवर्जून विचारा.