इंजिनांच्या लढतीत ओपनिंग लादायचं का? (चर्चा)

मंगळवारपेठ_मोहरा

मे महिन्याच्या सुट्टीत मंडळातल्या पोरांना पडद्यावर बुद्धिबळाच्या इंजिनांची, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रॅमची, लढत दाखवायची, स्टॉकफिश विरुद्ध लीला, इथवर सगळ्यांचं जमलंय. अडलंय ते पहिल्या चालीवर. टीसीईसी ही २०१० पासून चालत आलेली इंजिनांची मानाची स्पर्धा. तिच्या अंतिम लढतीत १०० डाव होतात, पण ते मोकळ्या पटावरून, म्हणजे नेहमीच्या मांडणीवरून, सुरू होत नाहीत. ओपनिंगच्या पहिल्या काही चाली माणसानं निवडून दिलेल्या असतात, त्याही अशा की काळा आधीच गुडघ्यावर आलेला. आपणही तसंच करावं, असं काहींचं म्हणणं आहे. माझा साफ विरोध.

कुठलं ओपनिंग घ्यायचं, कुठलं टाळायचं, हा खेळाचाच भाग. तो काढून घेतला तर उरते ती मिडलगेमची, म्हणजे डावाच्या मधल्या टप्प्याची, परीक्षा. तिला अजिंक्यपद कशाला म्हणायचं? खासबागेत जोड लावली आणि पंचानं एकाचा पाय दुसऱ्याच्या हातात दिला, तर त्याला कुणी कुस्ती म्हणेल का? आणि हे खरंच झालं होतं. २००५ नंतर काही वर्षं फ्रीस्टाइलमध्ये फेरी शून्य-शून्य सुटली की पिशवीतून चेंडू काढायचे आणि ज्याचा रंग निघेल त्याला समोरच्याचा पाय धरायला द्यायचे. पाय मिळाला तो बहुतेकदा गुण घेऊन मोकळा. बोंबाबोंब झाली आणि २०१३ मध्ये तो नियम गेला. कुस्तीनं टाकलेलं आपण उचलायचं?

हत्ती_सातव्यात

दादा, दाखला झकास, पण उलटला तुमच्यावरच. चेंडूच्या नियमात पाय एकालाच मिळायचा, तोही नशिबानं. इथं तो दोघांनाही मिळतो. ५० ओपनिंग, प्रत्येक दोनदा, रंग बदलून. पहिल्या डावात लीलाला वाईट काळा मिळाला, तर पुढच्या डावात तोच काळा स्टॉकफिशच्या गळ्यात. दोघेही पांढऱ्यानं जिंकले तर जोडी १-१. पांढऱ्यानं जिंकून काळ्यानं बरोबरी राखली तर दीड-अर्धा. यात अन्याय कुठं आहे ते दाखवा.

आता मोकळ्या पटाचं बघू. दोन्ही इंजिनं या ताकदीची असली की सुरुवातीच्या मांडणीतून डाव बरोबरीतच सुटतो, शंभरातले जवळपास शंभर. वर एक-एक थ्रेड (प्रोसेसरवर एकच काम) आणि ठरावीक नोड (तपासायच्या स्थिती) दिले तर चालीसुद्धा त्याच पडणार, म्हणजे तोच डाव पुन्हा. थ्रेड वाढवले की थोडा फरक पडतो खरा, पण गाडी वळते बर्लिन नाहीतर क्वीन्स गॅम्बिट या ओपनिंगच्या त्याच दोन-चार रस्त्यांवर. पोरं दहा मिनिटांत उठून भेळ खायला जातील.

ओपनिंग किती वाकडं असावं, यालाही हिशेब आहे. स्टॉकफिश १५.१ पासून मूल्यांकनाचा आकडा (पांढरा किती वरचढ आहे ते सांगणारा) असा बसवलाय की +१ म्हणजे स्वतःशीच खेळताना जिंकण्याची शक्यता ५० टक्के. +०.३ चं ओपनिंग दिलं तर दोन्ही डाव बरोबरीत, जोडी १-१. +२.५ चं दिलं तर दोन्ही डाव पांढरा घेणार, पुन्हा १-१. कळतं काय? काहीच नाही. +१ च्या आसपास मात्र डाव कड्यावर उभा असतो. वाचवणारा चांगला असेल तर वाचतो, मारणारा चांगला असेल तर मरतो. ताकदीतला फरक दिसतो तो तिथंच. स्टॉकफिशची प्रत्येक सुधारणा ज्या फिशटेस्टवर तपासली जाते, तिथंही आता असल्याच असमतोल ओपनिंगचा संच वापरतात.

मंगळवारपेठ_मोहरा

रंग बदलून दिल्यानं अन्याय जातो, मान्य. कृत्रिमपणा जात नाही. कारपॉव्ह-कास्पारॉव्हला कुणी सांगितलं होतं का, की आज तुम्ही हेच खेळा म्हणून? आणि शंभर डाव बरोबरीत सुटत असतील तर सुटू देत की. तोच खरा निकाल. एंजिन लावायला परवानगी असलेल्या पत्रबुद्धिबळात आज वरच्या पातळीवर बहुतेक डाव बरोबरीतच सुटतात, म्हणून तिथल्या अजिंक्यपदात कुणी ओपनिंग लादलेलं नाही. लोकांना निकाली कुस्ती बघायचीय म्हणून पट तिरका करायचा, ही करमणूक झाली.

उंटाची_तिरकी

दोघंही ओपनिंगवर रक्त आटवताय, आणि खरी गोम मशीनमध्ये आहे. डिसेंबर २०१७ मध्ये अल्फाझीरो या डीपमाइंडच्या न्यूरल नेटवर्कवाल्या इंजिनानं स्टॉकफिश ८ ला १०० डावांत २८ जिंकून आणि ७२ बरोबरीत सोडवून हरवलं, एकही न गमावता. तेव्हाची तक्रार आठवा. स्टॉकफिशला ६४ थ्रेड, पण हॅश (बघितलेल्या स्थिती साठवायची मेमरी) फक्त १ जीबी. वेळ प्रत्येक चालीला एक मिनिट ठोकून दिलेला, म्हणजे अवघड चालीला जास्त वेळ काढायची स्टॉकफिशची हातोटी वायाच गेली. पुढच्या वर्षी १,००० डावांत ३ तास आणि चालीमागे १५ सेकंद असा नेहमीसारखा वेळ दिला, तेव्हा अल्फाझीरो १५५ जिंकला आणि ६ हरला. जिंकला तोच, पण 'एकही न गमावता' गेलं.

आपल्याकडेही तेच होणार. स्टॉकफिश प्रोसेसरवर चालतो, अल्फाझीरोच्या धर्तीवर बनलेली लीला ग्राफिक्स कार्डवर. तोलायचं कसं? त्या पहिल्या लढतीत अल्फाझीरो सेकंदाला ८० हजार स्थिती बघायचा, स्टॉकफिश ७ कोटी. भागाकार ८७५. त्यावरूनच लोक 'लीला रेशो' काढतात: लीलाचा वेग गुणिले ८७५, भागिले स्टॉकफिशचा वेग. उत्तर १ आलं तर त्या लढतीइतका तोल. समजा मंडळाच्या मशीनवर स्टॉकफिश सेकंदाला ८० लाख आणि लीला ४ हजार बघते. रेशो आला ०.४४. लीलाचा एक हात पाठीमागं बांधल्यासारखं झालं. ओपनिंग कितीही न्याय्य निवडा, निकाल कार्डच्या दुकानातच लागलाय.

हत्ती_सातव्यात

रेशो अंदाजापुरता ठीक, तराजू म्हणून नको. ८७५ चा आकडा त्या वेळच्या नेटवर्कचा आणि त्या वेळच्या स्टॉकफिशचा. २०२० मध्ये स्टॉकफिश १२ मध्ये एनएनयूई आलं. ही युक्ती मुळात शोगीच्या, म्हणजे जपानी बुद्धिबळाच्या, इंजिनांसाठी २०१८ मध्ये यू नासू यांनी काढली. छोटं न्यूरल नेटवर्क, प्रोसेसरवरच चालणारं. त्यानंतर स्टॉकफिशची एक स्थिती आणि २०१७ मधली एक स्थिती यांची किंमत एक राहिली नाही. लीलाचंही तेच. बीटी४ सारखं मोठं ट्रान्सफॉर्मर नेटवर्क लावलं की वेग पडतो, पण प्रत्येक नजर जास्त खोल. स्थिती मोजून ताकद मोजणं म्हणजे बैठकांच्या संख्येवरून पैलवान जोखणं.

गणिताचं_प्यादं

मला तिसराच प्रश्न पडलाय. १०० डावांत कळतं तरी किती? २०१९ मध्ये टीसीईसीच्या १५ व्या हंगामात लीलानं स्टॉकफिशला ५३.५-४६.५ नं हरवलं. १४ जिंकले, ७ हरले, ७९ बरोबरीत. निकाली डाव २१. आता नाणं २१ वेळा उडवा. १४ किंवा त्याहून जास्त छापे पडायची शक्यता साडेनऊ टक्के आहे. म्हणजे दोघं अगदी तुल्यबळ असते, तरी अकरा लढतींत एकदा लीलाला एवढी किंवा याहून मोठी आघाडी नुसत्या नशिबानं मिळाली असती. करंडक द्यायला हरकत नाही. 'लीला वरचढ' हे सिद्ध व्हायला एवढ्यानं भागत नाही.

हत्ती_सातव्यात

नाणेफेकीचा हिशेब इथं जरा कडक पडतो. त्यात प्रत्येक डाव सुटा धरलाय. पण एकाच ओपनिंगमध्ये दोघंही पांढऱ्यानं जिंकले तर तुमच्या मोजणीत दोन निकाली डाव वाढले, माहिती मात्र शून्य. म्हणून एकक धरायचं ते जोडीचं: २-०, दीड-अर्धा, १-१, अर्धा-दीड, ०-२ असे पाच निकाल. या पाचांवर चुकीची मर्यादा काढली की ती सुट्या डावांच्या हिशेबापेक्षा सहसा लहान येते. फिशटेस्ट असाच मोजते. मोहरादादा, ओपनिंग जोडीनं द्यायचा हा दुसरा फायदा. थोड्या डावांत जास्त कळतं.

पंचगंगा_काठ

वाद चालू द्या. लढत लावायची तर काही गोष्टी आधी करा, नाहीतर निकाल इंजिनांचा न लागता विंडोज अपडेटचा लागेल.

ग्राफिक्स कार्ड नसेल तर लीलाचा नाद सोडा. प्रोसेसरवर मोठं नेटवर्क इतकं हळू चालतं की लढत राहतच नाही. स्टॉकफिश विरुद्ध बर्सर्क किंवा ऑब्सिडियन लावा. दोन्ही फुकट, दोन्ही प्रोसेसरवर चालणारी, उंटाच्या तक्रारीलाही जागा नाही. फक्त दोन्हीकडे एकाच जातीची फाईल घ्या. एव्हीएक्स२ ची (नव्या प्रोसेसरांसाठी बनवलेली) फाईल जुन्या प्रोसेसरवर सुरूच होत नाही, आणि एकाला ती, दुसऱ्याला साधी दिली तर साधीवाल्याचा वेग बराच पडतो.

आठ खऱ्या कोरच्या मशीनवर प्रत्येक इंजिनाला ४ थ्रेड द्या, पाँडर (समोरच्याच्या वेळेत विचार करणं) बंद ठेवा. पाँडर बंद असला की एका वेळी एकच विचार करतं, म्हणून दोन डाव शेजारी-शेजारी चालतात. तीन लावले की कोर वाटून घेतात आणि वेग प्रत्येक चालीला वेगळा. हॅश प्रत्येकी १ जीबी. दोन डावांत चार इंजिनं, म्हणजे ४ जीबी गेले हे धरा. रॅम संपून डिस्कवर लिहायला लागलं की खेळ खलास.

सिझिजी टेबलबेस (थोडेच मोहरे उरले की अचूक निकाल सांगणाऱ्या फाईली) पाच मोहऱ्यांपर्यंतचे पुरेत, जेमतेम १ जीबी. सहा मोहऱ्यांचे दीडशे जीबीच्या घरात आहेत आणि ते एसएसडीवरच हवेत. साध्या हार्डडिस्कवर ठेवले तर एंडगेममध्ये इंजिन फाईल शोधत बसतं. देणार असाल तर दोघांना द्या.

'मूव्ह ओव्हरहेड' (चाल पोचवण्यासाठी राखून ठेवलेला वेळ) मूळचा १० मिलिसेकंद असतो. पडदा, प्रोजेक्टर, वर डावाचं चित्रण, एवढं चालू असेल तर तो २०० करा, नाहीतर जिंकत आलेला डाव वेळेवर जातो. लीला लावलीच, तर पहिल्या चालीआधी तिला एक स्थिती देऊन गरम करून घ्या. नेटवर्क कार्डवर चढायला वेळ लागतो आणि तो पहिल्या डावाच्या घड्याळातून जातो.

डाव लवकर थांबवायचा नियम लावणार असाल तर दोन्ही इंजिनांचं एकमत असेल तेव्हाच थांबवा. लीलाचा आकडा आणि स्टॉकफिशचा आकडा एकाच मापाचा नसतो. एकाचं +६ बघून राजीनामा घेतला तर वाचणारा डावही हकनाक जायचा.

वेळ: ६० सेकंद अधिक चालीला ०.६. दोघांच्या ऐंशी-ऐंशी चाली धरल्या तर एका बाजूला १०८ सेकंद, डाव साडेतीन मिनिटांचा, १०० डाव सहा तासांत. दोन-दोन शेजारी लावले तर तीन तासांत. पण एका दमात लावू नका. मे महिना आहे, चारच्या सुमारास वळीव आला की वीज गेलीच. दहा-दहा जोड्यांचे तुकडे पाडा, प्रत्येकाची डावांची फाईल वेगळी ठेवा. लॅपटॉप असेल तर दुपारी नकोच, तापला की वेग आपोआप उतरतो.

उंटाची_तिरकी

साडेतीन मिनिटांचा डाव पोरांना काय दिसणार? डोळ्याचं पातं लवेपर्यंत चार चाली.

पंचगंगा_काठ

म्हणून ते १०० डाव आदल्या रात्री चालवून ठेवायचे. पडद्यावर १५ मिनिटं अधिक ५ सेकंदांचे दाखवायचे. त्याच हिशेबानं डाव त्रेचाळीस मिनिटांचा, चार तासांत पाच बसतात. पाचवा सोडा. चार घ्या, म्हणजे दोन जोड्या पुऱ्या होतील.

मंगळवारपेठ_मोहरा

पाचवा सोडायचा नाही. तोच मोकळ्या पटावरून खेळवा. ओपनिंग लादायचंच नसेल आणि तेच तेच डावही नको असतील, तर फिशर रँडम आहे की. मागची रांग चिठ्ठी टाकून मांडा, ९६० मांडण्या आहेत, माणसानं निवडलेलं काहीच नाही.

हत्ती_सातव्यात

त्यातही बहुतेक मांडण्या बरोबरीच्याच, शिवाय काही पांढऱ्याला आयत्या बऱ्या. म्हणजे रंग बदलून जोडी लागणारच, फिरून तिथंच आलात. आणि इंजिनाच्या सेटिंगमध्ये ९६० चा पर्याय चालू करायला विसरू नका. नाहीतर किल्लेकोटाची चाल, जी तिथं 'राजा हत्तीच्या घरावर' अशी लिहितात, बेकायदा ठरून डाव तिथंच जातो.

पाचवा डाव मोकळ्या पटावरून घ्या, माझी ना नाही. फक्त सगळ्यांत शेवटी लावा. कंटाळलेली पोरं तोवर घरी गेलेली असतील आणि मागं उरलेल्यांना बर्लिन बघायला आवडेल.

मंगळवारपेठ_मोहरा

पहिला लावायचा. आधी मोकळा पट कसा बरोबरीत सुटतो ते दिसू दे, मग तुमचा पाय धरलेला डाव दाखवा. ओपनिंगची यादी कोण देतंय? +०.८ ते +१.२ मधली बारा-पंधरा काढा, किंग्ज इंडियन आणि फ्रेंच धरून. आपल्याकडची पोरं तीच खेळतात.