मदत हवी आहे: एमपीआयमध्ये स्ट्रक्टचा अ‍ॅरे पाठवताना पहिलाच कण नीट पोचतो

कणवेडा
दोन दिवस यातच गेलेत, कृपया लवकर सांगा. एमपीआय (प्रोसेसमध्ये डेटाची देवाणघेवाण करायची लायब्ररी) वापरतोय. सी मधल्या एका स्ट्रक्टसाठी (एका कणाची सगळी माहिती एकत्र ठेवणारी रचना) एमपीआय_टाइप_क्रिएट_स्ट्रक्टने डेटाटाइप बनवलाय, म्हणजे त्यातलं काय कुठे आहे याचं वर्णन. रँक ० कडून रँक १ ला (रँक म्हणजे प्रोसेसचा क्रमांक) १००० कण पाठवतो. पहिला बरोबर, पुढे गडबड. एकच कण पाठवला तर काही अडचण नाही. एरर कसलीच येत नाही.

सरळरेघ
टाइप कमिट केलात का, म्हणजे वापरण्याआधी एमपीआयकडे पक्का केलात का?

कणवेडा
केलाय हो. नसता केला तर एकही कण गेला नसता.

बाइटभक्त
एवढा खटाटोप कशाला? एमपीआय_बाइट (नुसते कच्चे बाइट) घ्या, साइझऑफ (एका स्ट्रक्टचा आकार) गुणिले १००० एवढे बाइट पाठवा आणि मोकळे व्हा. मी वर्षानुवर्षं हेच करतो.

थेंबेथेंबे
दोन्हीकडची यंत्रं एकाच जातीची असतील तोवर ठीक. बाइट म्हटलं की एमपीआय आकड्यांचं रूपांतर करत नाही. पलीकडे बाइटचा क्रम उलटा असला की सगळे आकडे वाया.

बाइटभक्त
असं मिश्र क्लस्टर शेवटचं कधी पाहिलंत? मी तरी पाहिलेलं नाही.

उभीओळ
मॅट्रिक्सचा स्तंभ पाठवायचा असेल तर टाइप_व्हेक्टर वापरा. ब्लॉकची लांबी १, स्ट्राइड म्हणजे एका ओळीतले घटक. फोरट्रानमध्ये उलट, तिथे स्तंभच सलग असतो.

कणवेडा
माझ्याकडे मॅट्रिक्स नाहीये.

सरळरेघ
मग ऑफसेट (स्ट्रक्टच्या सुरुवातीपासून कोणतं मूल्य किती बाइटवर आहे ते) हाताने लिहिलेत का? इंट ४ बाइटचा म्हणून डबल ४ वर धरला असेल तर चूक तिथेच आहे. मध्ये ४ बाइट पॅडिंग, म्हणजे कंपायलरने सोडलेली रिकामी जागा, असतं.

कणवेडा
ऑफसेटऑफ वापरलंय, आकडे कंपायलरच देतो.

थेंबेथेंबे
'गडबड' म्हणजे नक्की काय? अख्खा स्ट्रक्ट टाका, आलेले आकडेही टाका. त्याशिवाय सगळे अंधारात तीर मारतायत.

कणवेडा
इंट आयडी, डबल स्थान[३], डबल वेग[३]. वेग पलीकडे नव्याने काढतो, म्हणून टाइपमध्ये आयडी आणि स्थान एवढंच. घेणारा बफर कॅलॉकने शून्य केलेला. दुसऱ्या कणाचा एक्स शून्य येतो, तिसऱ्याचा वाय, चौथ्याचा झेड, पाचवा पुन्हा बरोबर. इंडेक्स ५७२ पासून आयडीसुद्धा शून्य. आणि जो वेग पाठवलाच नाही तो बऱ्याच कणांत दिसतोय!

थेंबेथेंबे
वेग वगळलाय हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं, सगळं त्यातच आहे. तुमचा स्ट्रक्ट ५६ बाइटचा, पण टाइप स्थानाशी संपतो, म्हणून त्याचा एक्स्टेंट (एका कणाच्या सुरुवातीपासून पुढच्याच्या सुरुवातीपर्यंतचं अंतर) ३२. एमपीआय पुढचा कण ५६ वर न शोधता ३२ वर शोधतं. घेणाराही तीच चूक करतो, म्हणून पहिले ३२,००० बाइट जवळजवळ जसेच्या तसे उतरतात आणि त्यासोबत वेगही येतो. ३२,००० भागिले ५६ म्हणजे ५७१ आणि थोडं. तुमचे आयडी तिथेच थांबलेत. दर ३२ बाइटमागे पॅडिंगचे ४ बाइट वगळले जातात, ते प्रत्येक कणात वेगळ्या डबलवर पडतात. त्याचा वरचा अर्धा भाग शून्यच राहतो आणि छापताना ०.०००००० दिसतं.

उपाय: एमपीआय_टाइप_क्रिएट_रिसाइझ्ड, ते हव्या त्या एक्स्टेंटचा नवा टाइप देतं. खालची सीमा ०, एक्स्टेंट साइझऑफ(कण).

जुनाजाणता
रिसाइझ्ड नको. टाइपच्या शेवटी एमपीआय_यूबी (टाइप कुठे संपतो ते सांगणारी खूण) लावा, आम्ही तसंच करायचो.

थेंबेथेंबे
ते एमपीआय ३.० मध्ये, २०१२ सालीच काढून टाकलंय. नव्या कोडमध्ये नका घालू.

बाइटभक्त
म्हणूनच म्हणत होतो, बाइट पाठवा.

थेंबेथेंबे
त्यांना कणामागे २८ बाइटच हवेत, तुम्ही ५६ पाठवायला सांगताय.

कणवेडा
रिसाइझ्ड केलं, आता सेंडलाच 'अवैध डेटाटाइप' येतंय.

थेंबेथेंबे
कमिट जुन्यालाच करताय का? रिसाइझ्डमधून मिळालेला नवा टाइप कमिट करा आणि सेंड-रिसीव्हला तोच द्या. जुन्याला कमिटची गरज नाही.

कणवेडा
हो, तेच होतं! हजारही कण बरोबर आले, वेग शून्य. मनापासून आभार. जुना टाइप लगेच फ्री केला तर चालेल?

थेंबेथेंबे
चालेल. नव्याला धक्का लागत नाही.