शब्द हवाय: पालकांच्या सूचनेत 'खासगी' लिहू की 'गोपनीय'?

पाटीखडू:
सोलापुरात प्राथमिक शाळेत शिकवते. मुलांचा आधार नंबर, जात, बँक खातं, फोटो हे आम्ही कशासाठी घेतो आणि कुणाला दाखवणार नाही, अशी एक पानाची सूचना लिहायचीय. 'मुलांची खासगी माहिती जपली जाईल' असं लिहून दोघी आयांना वाचून दाखवलं, तर एकीनं विचारलं, "खासगी शाळेला देणार का पोरांची माहिती?" आमच्याकडं खासगी म्हणजे फी घेणारी शाळा. मग 'गोपनीय' केलं, तर हेडसर म्हणाले हे गोपनीय अहवालासारखं वाटतंय, पालक घाबरतील. मागं विडी कामगारांच्या मुलांच्या शिष्यवृत्तीची यादी खाते नंबरासकट वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडली होती. एक आई दारात उभी राहून म्हणाली, "बाई, आमच्या घरातलं सगळ्यांला कळलं." ते अजून डोक्यातनं जात नाही, म्हणून शब्द नीट पाहिजे.

निखळमराठी:
'गोपनीय'च ठेवा. गुप् म्हणजे मुळात राखणं. गोप म्हणजे गाई राखणारा, त्यातनंच हा धातू आला असं मानतात, लपवणं हा अर्थ मागून चिकटला. तुम्हाला हवं ते रक्षण शब्दातच आहे. खासगी तर अरबी 'खास'वरून आलेला. आणि कुठं 'डेटा' लिहिलं असेल तर काढा, 'विदा' लिहा.

भवानीपेठकर:
विदा म्हटलं की आमच्या गल्लीत निरोपच ऐकू येतो ओ. अर्थात 'डेटा'ही चालणार नाही, डेटा म्हणजे मोबाईलचा, संपला की रिचार्ज मारायचा.

जुना कारकून:
खासगी परका कसा? होळकरांची दौलत, म्हणजे राज्याचा पैसा, वेगळी आणि खासगी, म्हणजे घरची मिळकत, वेगळी असायची, अहिल्याबाईंनी घाट-देवळं बांधली ती त्या खासगीतनं. आपल्या विद्यापीठाला त्यांचंच नाव आहे. शब्द घरात इतकी वर्षं राहिला की घरचाच होतो. फक्त आमच्या दप्तरात आम्ही 'खाजगी' लिहायचो, 'स' कधी आला कळलं नाही.

निखळमराठी:
मग सावरकरांनी दिनांक, महापौर दिले ते कशाला? तेव्हाही लोक असंच म्हणत असतील. वापरल्याशिवाय शब्द रुळत नाही.

कोर्टकचेरी:
गोपनीयता कागदाची असते, खासगीपणा माणसाचा. लेकराची जन्मतारीख काय गुपित नाही, वाढदिवसाला गल्लीभर केक वाटतात, पण तीच तारीख आधार नंबर, पत्ता आणि फोटोच्या शेजारी बसली की कुणीही त्या लेकराच्या नावानं काहीही करू शकतो. 24 ऑगस्ट 2017 ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी मूलभूत हक्क मानला तो या दुसऱ्या अर्थाचा. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्यांसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती आहे. बाई, तुमचा खरा शब्द तो आहे, संमती. आपल्याकडं 'खाली सही करावी' एवढंच छापतात आणि सहीलाच संमती समजतात.

विडीघरकुल:
आमची अम्मा विड्या वळायची, तिला यातला एकही शब्द कळणार नाही. ती म्हणते 'इंटि गुट्टु', घरातलं गुपित. तेलुगूत म्हणच आहे, 'इंटि गुट्टु लंककु चेटु', घरचं गुपित फुटलं आणि लंका बुडाली. कन्नडातही गुट्टुच.

निखळमराठी:
गुप्त, गुत्त, गुट्टु. बघा, परत गुप्!

भवानीपेठकर:
प्रत्येक शब्द संस्कृतातनंच कशाला यायला पाहिजे? तेलुगू-कन्नड दोघांत सारखा आहे तर त्यांचाच असेल की. पुरावा द्या.

निखळमराठी:
पुरावा तुम्ही द्या. प्राकृतात गुप्तचं गुत्त होतंच.

पाटीखडू:
उद्या सकाळी झेरॉक्सला द्यायचंय. सध्या 'तुमच्या मुलाची आणि घरची माहिती' असं लिहिलंय आणि सहीच्या वर 'मला हे वाचून दाखवलं, माझी संमती आहे / नाही' अशी ओळ घातलीय. 'नाही'ची चौकट पहिल्यांदाच देतोय आम्ही. खाली एक ओळ तेलुगूत टाकीन म्हणते. विडीघरकुल, अम्माला विचारता का, आधार नंबरला गुट्टु म्हणता येईल का?

विडीघरकुल:
विचारलं. म्हणते नंबराला कोण गुट्टु म्हणतंय, पण घरावर कर्ज किती ते गुट्टु.

जुना कारकून:
ते खाजगी-खासगीचं कुणी सांगितलंच नाही. जुना कोश आहे का कुणाकडं?