कळपात राहणाऱ्या उंदरांचा मेंदू मोठा असतो का?

रानवेडा: माकडांबद्दल नेहमी वाचतो की टोळी मोठी तर मेंदू मोठा, कारण कोण कोणाच्या बाजूने, कोणाशी पंगा घ्यायचा नाही हे सगळं लक्षात ठेवावं लागतं, मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांची थिअरी. हेच रानातल्या उंदीर-खारींना लागू होतं का? की राहण्याची जागा जास्त महत्त्वाची? कोणी वाचलं असेल तर सांगा प्लीज.

बिळवासी: सरळसरळ नाही लागू होत. नेकेड मोल रॅट घ्या, म्हणजे अंगावर जवळजवळ केस नसलेले उंदरासारखे प्राणी, केनिया, इथिओपिया, सोमालियात जमिनीखाली राहतात, एका वसाहतीत सत्तर-ऐंशी जण सहज असतात, कधी तीनशेच्या आसपास, आणि पिल्लं फक्त राणीलाच होतात. एवढा गोतावळा असूनही 2018 मध्ये आफ्रिकेतल्या मोल रॅट्सची तुलना झाली तेव्हा एकट्या राहणाऱ्या जातींपेक्षा कळपवाल्यांचा मेंदू मोठा निघालाच नाही. मग मेंदूत जागा कोणी अडवलीय? दातांनी! पुढच्या दातांनी ते बोगदे खणतात, ओठ दातांच्या मागे मिटतात म्हणून माती तोंडात जात नाही, आणि स्पर्श कळणाऱ्या भागाचा जवळजवळ तिसरा हिस्सा एकट्या त्या दातांसाठी आहे. मला तर हे फार भारी वाटतं.

सह्यकडा: अख्खा मेंदू मोजून काही कळत नाही, कुठला भाग वाढला ते बघा. अमेरिकेच्या वाळवंटात कांगारू रॅट म्हणजे उड्या मारत चालणारे उंदरासारखे प्राणी, त्यांच्या दोन जाती घ्या. मेरियम्स जातीचा उंदीर बिया जागोजागी थोड्या थोड्या पुरतो, बॅनरटेल मात्र सगळा साठा एकाच वारुळासारख्या ढिगात ठेवतो आणि तिथेच राखण करतो. मेरियम्सचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे जागा लक्षात ठेवणारा भाग, तुलनेने मोठा असतो.

रानवेडा: मस्त! म्हणजे सोबतीचा काहीच परिणाम नाही?

अक्षरा_पुणे: आहे ना, पण तो आकारात शोधू नका. व्होल म्हणजे उंदरासारखे छोटे प्राणी, त्यातला प्रेअरी व्होल जोडी करून राहतो, मेडो व्होल नाही राहत, आणि दोघांच्या मेंदूत व्हॅसोप्रेसिन या हार्मोनचे रिसेप्टर (हार्मोनचा संदेश पकडणारे रेणू) वेगवेगळ्या जागी दिसतात. 2004 मध्ये मेडो व्होल नरांच्या मेंदूत नेमक्या जागी त्या रिसेप्टरचं जीन घातलं तर ते जोडीदाराला चिकटून बसायला लागले. आणि बिळवासी, जागा आणि सोबत वेगळी काढताच येत नाही हो. मेडो व्होलचा नर विणीच्या काळात माद्या शोधत लांबवर फिरतो, त्याचा हिप्पोकॅम्पस मादीपेक्षा मोठा असतो. जोडीने राहणाऱ्या पाइन व्होलमध्ये नर-मादीत हा फरक सापडत नाही, दोघांचा वावर सारख्याच भागात असतो.